देवळी मावेल अशी लेन्स

जी लेन्स लहान खोली मोठी करून दाखवते तिच्यावर माझा विश्वास नाही. तसली एक लेन्स मी घरी आणली होती. विकत नव्हे, बघायला म्हणून. बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि मुलगा तिच्या स्वयंपाकघराची भिंत पाडायला निघाला होता.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शाळा सातवीत सुटली. पुढं इमारतींचे फोटो काढून पोट भरलं. बेंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या कारखान्यांची यंत्रं काढली, शेड काढले. मग सर्जापूर रोडवर अपार्टमेंटं उठायला लागली, ती काढली. माझा कॅमेरा लग्नात दिसतो तसला नव्हे. एक चपटी जड चौकट, पुढं लेन्स, मागं फिल्मची डबी. आत आरसा नाही, बॅटरी नाही. फोटोच्या आधी मागं दुधी काच लावायची, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि काचेवर उलटं पडलेलं चित्र बघायचं. खुबी एकच आहे. उंच इमारत काढायला कॅमेरा आभाळाकडं वळवावा लागत नाही. कॅमेरा सरळच ठेवायचा आणि नुसती लेन्स वर सरकवायची. भिंती सरळ येतात, मागं कलंडत नाहीत.

ते काळं कापड बायकोनं शिवलं होतं. आणखी एक वस्तू तिच्या हातची होती, ती म्हणजे दोऱ्याचा पुठ्ठा. पुठ्ठ्याला फिल्मच्या मापाची खिडकी कापायची, खाली दोरा बांधायचा, दोऱ्याला गाठी मारायच्या. नव्वदच्या लेन्सची गाठ लांब, पासष्टची जवळ, सत्तेचाळीसची आणखी जवळ. गाठ गालाच्या हाडाला टेकवून दोरा ताणायचा, एक डोळा मिटायचा. खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच त्या लेन्समध्ये येणार. कॅमेरा पेटीतून काढायच्या आधी कळतं. गाठी तिनं मारल्या होत्या, गजऱ्याचा दोरा घेऊन. मोगरा गुंफणाऱ्या बाईची गाठ बारीक बसते, सरकत नाही. माझ्या स्वतःच्या दोनच लेन्सा, पासष्ट आणि नव्वद; सत्तेचाळीस लागली तर मागून आणायचो. आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद बघते, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

आता स्वयंपाकघर. दारात उभं राहिलं की डाव्या हाताला ओटा आणि शेगडी, समोर खिडकी, उजव्या हाताला भिंतीत देवळी. देव स्वयंपाकघरात, ही आमच्या घराण्याची जुनी रीत. आमचे पूर्वज कुठल्यातरी फौजेबरोबर ह्या मुलखात आले आणि परत जायचं विसरले म्हणतात. गाव विसरले, पण देव चुलीजवळ पाहिजे हे विसरले नाहीत. ओटा आणि देवळी ह्यांच्यात एका माणसापुरती जागा. बायको शेगडीकडून देवाकडं वळली की उजवं कोपर देवळीच्या कडेला आपटायचं. रोज. बांगड्या वाजायच्या आणि पाठोपाठ ती म्हणायची, "अय्यो, हे घर बांधणाऱ्याला कोपर नव्हतं काय?" आपटून आपटून त्या कडेचा रंग गेला, मग गिलावा गेला, मग आतली वीट गुळगुळीत झाली. पेढ्याएवढी तांबूस खूण. चकाकायची.

पाडायची होती ती हीच भिंत.

"अप्पा, सोमवारी मेस्त्री येतोय," मुलगा म्हणाला. "हॉल आणि किचन एक करतोय. देवांना हॉलमध्ये नवीन देव्हारा करू."

"सोमवारीच का?"

"त्याला वेळ आहे म्हणून."

मेस्त्रीला वेळ आहे! बेंगळुरात मेस्त्रीला कधी वेळ असतो? मला वाटलं, हे दोघांनी आधीच ठरवलेलं आहे. बाई गेली, आता तिची भिंत जाईल, मग कपाट, मग मी. मुलगा आणि सून दोघं कंपनीत, दोघंही मोजकं बोलतात. मोजकं बोलणाऱ्या माणसांच्या पोटात काय आहे ते कळत नाही. मी भांडलो नाही. घर त्यांना चालवायचंय. म्हटलं, पाडा. पण त्याच्या आधी मला तिचं स्वयंपाकघर फिल्मवर पाहिजे. आख्खं. शेगडीपासून देवळीपर्यंत, एका चौकटीत. मी असल्या कामाचा माणूस, खोलीच्या चारी बाजू एका चौकटीत आल्या नाहीत तर जेवण जात नाही.

पुठ्ठा घेऊन दारात उभा राहिलो. पासष्टच्या गाठीत ओटा आला, खिडकी आली, देवळी बाहेर. सत्तेचाळीसच्या गाठीत देवळी अर्धी कापली गेली, आणि खूण नेमकी कापलेल्या अर्ध्यात. मागं सरायला जागा नाही, पाठीला जिन्याची भिंत. म्हणजे पस्तीस पाहिजे. पस्तीसची गाठ दोऱ्याला नव्हतीच, तिनं कधी मारली नव्हती. मी मारली. जाडी, वाकडी बसली. गाठ गालाला लावली तर पुठ्ठा डोळ्याच्या पापणीला टेकला. पण त्या खिडकीत सगळं मावलं.

पस्तीसची लेन्स आता दुकानात मिळत नाही. सुनेनं फोनवर शोधून एक माणूस काढला. तिनंच का काढला, तिला काय घाई, असंही माझ्या मनात येऊन गेलं. माणूस व्हाइटफील्डचा, घरातूनच जुन्या लेन्सा विकणारा. मेट्रोनं गेलो. वरच्या मजल्यावर फ्लॅट, दारात चार सायकली, आत काचेचं कपाट आणि कपाटात लेन्सा देवासारख्या मांडलेल्या. चाळिशीतला, दाढी राखलेला. मी कन्नडात सुरुवात केली तर तो हसून म्हणाला, "काका, मराठी बोला ना. मी पुण्याचा."

मला काका म्हणणारा माणूस इथं क्वचित भेटतो. आमच्या गल्लीत सगळे अण्णा म्हणतात. काका म्हटलं की मी सावध होतो.

त्यानं पस्तीस हातात दिली. मी खिशातून टॉर्च काढला.

"काका, लेन्स एकदम मिंट आहे, नव्यासारखी. ट्रस्ट मी."

"टॉर्च खोटं बोलत नाही," मी म्हटलं.

काचेतून उजेड पाडून बघितला. समुद्राकाठी राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीच्या मुळ्या शिरतात, त्या नव्हत्या. पुढची काच आणि मागची काच वेगळ्या फिरवून काढल्या. दोन मेलेल्या लेन्सांची एक जिवंत करून विकणारे लोक मी बघितलेत. दोन्हींवरची अक्षरं एकाच हाताची होती. शटर एका सेकंदावर लावून कानाशी धरलं. जुनं शटर थंडीत म्हातारं होतं, धापा टाकतं. हे टाकत नव्हतं. लेन्समध्ये खोट सापडेना. खोट सापडली नाही की मला जास्तच भीती वाटते.

"हिच्या कडा काळवंडतात," मी म्हटलं.

"थोड्या. त्याला सेंटर फिल्टर आहे ना. मधे डार्क, कडेला क्लिअर. बॅलन्स होतं सगळं."

"म्हणजे लेन्सला चष्मा लागतो."

"काका, तुम्ही भारी आहात हां! बरं, काय शूट करणार एवढ्या वाइडनं? आर्किटेक्चर?"

"स्वयंपाकघर."

त्यानं विचारलं, "आणि कॅमेरा कुठला?"

मी सांगितलं. त्याचे डोळे कपाटातल्या लेन्सांसारखे झाले. म्हणाला, "घेऊन जा काका. बघा, वापरा, नाही आवडली तर परत आणा. डिपॉझिट वगैरे काही नको."

पुण्याचा माणूस, ओळख ना पाळख, आणि फुकट देतो! चहासुद्धा मी विचारल्यावर मिळाला होता. लेन्स रुमालात गुंडाळून मांडीवर घेतली आणि मेट्रोत सगळी वाट एकच विचार. ह्याला माझ्याकडून काय पाहिजे?

घरी पोचलो तर सून स्वयंपाकघरात, हातात ओला फडका, देवळीसमोर. डबे सगळे खाली काढलेले, ओटा रिकामा लख्ख.

"हात लावू नको त्या भिंतीला!"

ती दचकून मागं झाली आणि तिचं कोपर देवळीच्या कडेला आपटलं. ठक्क.

"मामा, मी देव पुसत होते." आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. "तुम्ही फोटो काढायच्या आधी खोली रिकामी करून घेता ना, आत्या सांगायच्या. म्हणून आवरलं."

"ती खूण पुसलीस?"

"वीट आहे ती मामा, पुसून जाती काय?" कोपर चोळत ती म्हणाली. मग ब्लाउजची बाही थोडी वर केली. कोपराच्या हाडावर गाठ आल्यासारखं काळंनिळं झालं होतं, जुनं आणि नवं एकावर एक. "आत्यांनी केलेली खूण आहे ती, मला ठाऊक नाही काय? आता माझं लागतंय तिथंच. सहा महिने झाले. ह्यांना म्हटलं, भिंत काढा म्हणून. तुम्हाला कसं सांगायचं ते कळेना."

मी एवढंच म्हटलं, "हळद लाव." ती कन्नडात म्हणाली, "सरी," म्हणजे बरं.

डबे मी परत जागेवर ठेवायला सांगितले. बायकोच्या हाताच्या जागा सुनेला माझ्यापेक्षा बरोबर माहीत होत्या. चहाचा डबा उजवीकडं, गुळाचा आत. मग दारात कॅमेऱ्याचं तिकाटणं लावलं, कॅमेरा चढवला, पस्तीस बसवली. ही लेन्स फिल्मच्या इतकी जवळ बसते की चौकटीच्या पोटात बुडते, बोटं शिरत नाहीत. डोक्यावर काळं कापड घेतलं. कापडाला अजून तिच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास आहे.

दुधी काचेवर सगळं आलं. ओटा, शेगडी, खिडकी, देवळी, देवसुद्धा. काहीही कापलं गेलं नव्हतं. आणि मला ती खोली ओळखू येईना.

ओटा मैलभर लांब. खिडकी कुठंतरी पलीकडच्या गावाला. ओटा आणि देवळी ह्यांच्यात चार बायका फुगडी खेळतील एवढी जागा. कडेच्या कळश्या ओढल्यासारख्या लांबुळक्या. खूण मला भिंगानं शोधावी लागली. मोहरीएवढी झाली होती.

"बघू मामा?" म्हणून सून कापडाखाली शिरली. चित्र उलटं असतं, तिनं मान वाकडी केली. "अय्यो! एवढं मोठं स्वयंपाकघर आहे आपलं? मग पाडायचं कशाला?"

ती हसली. मला हसू येईना. उद्या नातवंडं होतील, ती हा फोटो बघतील आणि म्हणतील, आजी उगीच कुरकुर करायची. चाळीस वर्षं ती बाई जागा नाही, जागा नाही म्हणत होती आणि हा फोटो तिला खोटं पाडणार. माझ्या हातचा फोटो.

मुलगा संध्याकाळी आला. काही न सांगता त्याला कापडाखाली घातलं. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा केस विस्कटलेले.

"अप्पा, हे आईचं नव्हे."

"का?"

"ह्यात आई हरवून जाईल. आई इथं असली की दारातून खिडकी दिसायची नाही. सगळी आईच दिसायची."

मोजकं बोलणाऱ्या माणसाच्या पोटात हे असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"मेस्त्रीला थांबवू?" तो म्हणाला. "मागच्या महिन्यातही थांबवलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही."

"नको. हिचं कोपर बघ आधी," मी म्हटलं. "सोमवारी येऊ दे."

रविवारी सकाळी पूजा झाल्यावर मी पुन्हा दारात उभा राहिलो. कुठूनतरी सत्तेचाळीस आणून, फिल्म डावी-उजवी सरकवून दोन फोटो काढले आणि जोडले तर? आमच्या कॅमेऱ्यात ती सोय आहे. कॅमेरा हलवायचा नाही, मागची फिल्म बाजूला सरकवायची. पण उभं राहायची जागा तीच, तर जोडून होणारं चित्रही तेच. दोन तुकड्यांनी सांगितलं म्हणून खोटं खरं होत नाही.

कंटाळून दारातून आत गेलो आणि ओट्यासमोर उभा राहिलो, ती उभी राहायची तिथं. शेगडी बघितली. देवळी दिसेना. मान वळवली, अंग वळवलं. देवळी दिसली, शेगडी दिसेना. आणि माझं कोपर लागलं. पुरुषाचं कोपर उंच, खुणेच्या वर लागलं, पण लागलं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ह्या स्वयंपाकघरात शेगडी आणि देव एकदम कुणी बघितलेच नाहीत. तिनंही नाही. इथं एका चौकटीत काही मावतच नाही, हेच तर ती सांगत होती. आणि मी व्हाइटफील्डपर्यंत जाऊन ते मावेल अशी लेन्स शोधून आणली होती.

पस्तीस उतरवून रुमालात ठेवली. जुनी पासष्ट चढवली. तिकाटणं आत घेतलं, ओट्याला खेटून, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. तिची उंची मला पुठ्ठ्यानं मोजायची गरज नव्हती. एक फोटो शेगडीकडं तोंड करून काढला, सुनेला कढईत फोडणी घालायला सांगून, कारण थंड शेगडी तिनं कधी बघितली नाही. मग कॅमेरा वळवला, काटकोनात. दुसरा फोटो देवळीचा. समोर कडा, कडेवर खूण. पासष्टमध्ये ती पेढ्याएवढीच आली. खिडकीचा उजेड बाजूनं पडला होता, चकाकत होती.

सोमवारी मेस्त्री खरंच आला. भिंत दुपारपर्यंत खाली आली. मी घरात थांबलो नाही, फिल्म धुवायला टाकून आलो.

लेन्स परत द्यायला गेलो तेव्हा दाढीवाल्यानं ती तपासलीसुद्धा नाही. म्हणाला, "ठीक आहे काका, नो इश्यू. बाय द वे, तो कॅमेरा विकायचा विचार आहे का?"

माझा संशय खरा निघाला. मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात माझे बाकीचे सगळे संशय खोटे ठरले होते, एक तरी जागेवर राहिला.

"विकायचा नाही," मी म्हटलं, "पण बघायचा असला तर घरी ये. चहा न विचारता मिळेल."

तो आला. लगेच पुढच्या रविवारी. कॅमेरा हातात घेतला, चौकट सरकवून बघितली, लहान पोरासारखा खूश झाला. मग त्याचं लक्ष फोटोंकडं गेलं. हॉल आणि स्वयंपाकघर आता एक झालंय, नवा ओटा केलाय. त्याच्या समोरच्या कोपऱ्यात दोन भिंती मिळतात, तिथं मी फोटो लावलेत. एका भिंतीवर शेगडी, दुसऱ्या भिंतीवर देवळी. मधे कोपरा.

"कुठल्या लेन्सनं काढले?"

"जुन्याच. पासष्ट."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याची पस्तीस वापरून वर खोटं बोलतोय. आता संशय घ्यायची पाळी त्याची.

"पण काका, एका फ्रेममध्ये का नाही केलेत? एकदम दिसायला पाहिजे ना."

तो शेगडीकडं बघायचा, मग मान वळवून देवळीकडं. पुन्हा शेगडीकडं. मग दोन्ही एकदम दिसावेत म्हणून फोटोंवरची नजर न काढता तो मागं मागं सरकत गेला, आणि त्याचं कोपर नव्या ओट्याच्या कडेला आपटलं. काळा ग्रॅनाइट आहे, आवाज मोठा झाला.

सून आतल्या खोलीतून म्हणाली, "काय पडलं मामा?"

"लागलं काय?" मी त्याला विचारलं.

"थोडंसं, काका." तो कोपर चोळत होता.

"माझ्या बायकोला रोज लागायचं," मी म्हटलं आणि सुनेला त्याच्यासाठी हळद आणायला सांगितली.